नाडीपरीक्षा

आमच्या घरात कोणतीही वस्तू बिघडली, की ती आधी माझ्याकडे येते आणि मी ती दुरुस्त केली, की मग दुकानात जाते. हा क्रम आमच्या सौभाग्यवतींनी पुष्कळ वर्षांच्या अनुभवाने ठरवून टाकला आहे. मी पुण्याच्या एका कारखान्यात देखभाल खात्यात पस्तीस वर्षे काढली. तिथली अजस्र यंत्रे माझ्या हाताखाली निमूटपणे चालत. परंतु घरची इस्त्री, मिक्सर आणि न्हाणीघरातला गीझर यांना माझ्या हुद्द्याची मुळीच भीड वाटत नाही. तेव्हा दादांच्या विहिरीसाठी मी स्वतःच्या हाताने एक यंत्र करणार आहे असे मी जाहीर केले, त्या दिवशी सौ. पोळी लाटता लाटता एवढेच म्हणाली, "भावाची मोटर तेवढी जाळू नका."

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी वडील. आमचे गाव जुन्नर तालुक्यात. वडील लवकर गेले, आणि विहीर, बैल, आई नि मी अशी चार ओझी दादांच्या खांद्यावर आली. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी ती विहीर खोल केली, आणि पुढे चार वर्षांनी माझ्या पॉलिटेक्निकच्या फीसाठी बैलजोडी विकली. ही गोष्ट दादांनी मला कधीच सांगितली नाही. वहिनींनी सांगितली, तीही मी निवृत्त झाल्यावर, चहा गाळता गाळता, जणू काय कालच घडलेली.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा येते आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली, की पंचाहत्तरी उलटलेले दादा हातात बॅटरी नि काठी घेऊन बाराच्या सुमाराला उसाच्या कडेकडेने विहिरीवर जात, मोटर लावत, आणि विहीर उपसली की ती बंद करायला पुन्हा जात. आता जुन्नरच्या उसात केवळ उंदीर-घुशीच राहतात असे नाही. बिबट्याची मादी तिथे पिले घालते, ऊस तुटला की ती उघडी पडतात, आणि माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते, यावरून वाचकांनी काय ते समजावे. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या गोठ्यातले वासरू गेले. मी फोनवरून दादांना रात्री जाऊ नका म्हणून विनवले. ते म्हणाले, "आरं, बिबट्याचं नि माझं चांगलं हाय. तो त्याच्या वाटंनं जातो, मी माझ्या."

मोटर आपोआप चालू करणारी यंत्रे बाजारात मिळतात, हे मला ठाऊक आहे. दादांनी दोन आणलीही होती. एक पहिल्याच पावसात गेले, आणि दुसरे वीज आली रे आली की विहिरीत पाणी आहे की नाही हे न पाहताच मोटर सुरू करून देई. तेव्हा पाण्याची पातळी पाहणारे, दोन मिनिटे थांबून मगच मोटर लावणारे आणि विहीर आटली की ती बंद करणारे यंत्र आपण करावे, असे माझ्या मनाने घेतले. खोटे कशाला बोलू? त्यात बैलजोडी होती, आणि थोडी प्रौढीही होती.

यंत्राचा मेंदू म्हणून मी रास्पबेरी पाय पिको नावाचा बोर्ड घेतला. २०२१ च्या जानेवारीत तो प्रथम बाजारात आला. लांबी एकावन्न मिलीमीटर, रुंदी एकवीस. म्हणजे च्युइंगगमच्या चपट्या पाकिटाएवढा. त्यावरच्या चिपमध्ये एक सोडून दोन मेंदू आहेत. मी त्यांतला एकच वापरला. दुसरा पगारावर असूनही झोपलेला असतो, आणि आमच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या मला त्याचे काहीच नवल वाटले नाही. वीज गेली तरी जागे राहावे म्हणून पेटीत एक लहान बॅटरी बसवली. पातळी पाहणाऱ्या तारा विहिरीत सोडल्या. आणि शेवटी, कोणीही मागितला नसताना, पेटीच्या दारावर दोन ओळींचा एक निळा पडदा बसवला.

हा पडदा रोमन अक्षरे आपण होऊन दाखवतो. बाकी कोणतीही आठच अक्षरे ठिपके मांडून त्याला शिकवता येतात. एका अक्षराला आडवे पाच ठिपके नि उभे आठ. तेवढ्या जागेत देवनागरी मावणे कठीण. तथापि मी दोन संध्याकाळी खर्चून न, म, अर्धा स, ते, द आणि काना असे सहा नग मांडले, आणि मोटर सुरू झाली की पडद्यावर 'नमस्ते दादा' उमटेल अशी व्यवस्था केली. सौ. ला दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे मध्यरात्री विहिरीवर कोणी नसताना हे नमस्ते म्हणणार? कोणाला?" बायकांच्या प्रश्नांना शास्त्रात उत्तरे नसतात.

यंत्र बसवले आणि तीन रात्री उत्तम चालले. चौथ्या दिवशी सकाळी दादांचा फोन आला. "तुझं यंत्र रुसलं बघ. मोटर लागलीच न्हाई. मग मी गेलो, बंद करून चालू केलं, लागली."

पुढे हेच चालले. कधी तीन रात्री सुरळीत, कधी पाच, आणि मग एके रात्री थिजून बसायचे. मोटर लावायची नाही, नाहीतर लावलेली मोटर बंद करायची नाही. याचा परिणाम असा झाला, की यंत्रावर भरवसा नसल्यामुळे दादा पूर्वी जितक्यांदा जात तितक्यांदा जाऊ लागलेच, शिवाय यंत्र पाहायला एक खेप जास्त. माझ्या बंधुप्रेमाने त्यांची पायपीट वाढवली होती.

मी टेबलावर तसाच दुसरा बोर्ड मांडून प्रयोग केले. तो आठवडाभर अखंड चालला. प्रोग्राममध्ये जागोजागी 'इथे आलो', 'तिथे गेलो' असे छापायला लावले, दिवे लुकलुकवले. काही निघाले नाही. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती एकदा साखर मागायला आली असता माझा पसारा पाहून म्हणाली, "काका, तुम्ही अजून छापून बघता? डीबगर लावा की!"

छापून बघणे म्हणजे आजाऱ्याला 'कसं वाटतंय?' असे विचारण्यासारखे आहे. तो बेशुद्ध पडला, की उत्तर कोण देणार? डीबगर म्हणजे नाडीपरीक्षा. तो बाहेरून दोन तारांनी चिपच्या आत उतरतो, तिला आहे त्या पावलावर थांबवतो, आणि ती प्रोग्रामच्या कोणत्या ओळीवर आहे, तिच्या हातात त्या क्षणी काय काय आहे, हे सांगतो. पूर्वी या कामाला निदान चार तारा लागत. त्या पद्धतीचे प्रमाण १९९० साली ठरले. आताच्या चिपांना एक ठोका देणारी नि एक बोलणारी अशा दोन तारा पुरतात. तिसरी असते ती जमिनीची.

मला वाटले, आता मोठा खर्च आला. मुलगी म्हणाली, "खर्च कसला? तुमच्याकडे दोन बोर्ड आहेत ना? एक दुसऱ्याची नाडी बघेल." आणि खरोखरच तसे आहे! या बोर्डाच्या कर्त्यांनी एक प्रोग्राम सर्वांसाठी उघडा ठेवलेला आहे. तो एका बोर्डात घातला, की तो बोर्ड वैद्य होतो आणि त्याच्याच सारखा दुसरा रोगी. बोर्डावरचे पांढरे बटण दाबून धरायचे, तसेच धरून केबल लॅपटॉपला लावायची, मग तो एखाद्या पेनड्राइव्हसारखा दिसू लागतो. त्यात ती फाइल नेऊन टाकली, की झाले. एवढे मला पहिल्या फटक्यात जमले, आणि मी सौ. ला हाक मारून चहा सांगितला. ही घाई झाली.

वैद्य तयार झाला, पण वैद्याची भाषा लॅपटॉपला कळायला मध्ये दुभाषा लागतो. त्याचे नाव ओपनओसीडी. जर्मनीत आउग्सबुर्ग येथे डॉमिनिक राट नावाच्या विद्यार्थ्याने २००५ साली पदविकेच्या प्रबंधासाठी तो लिहिला, आणि लिहून झाल्यावर कुलुपात न ठेवता जगाला देऊन टाकला. तेव्हापासून नाना देशांच्या लोकांनी त्यात भर घातली आहे. दुभाष्याच्या पलीकडे बसून आपण ज्याच्याशी बोलतो तो जीडीबी; तो तर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला, म्हणजे मी नोकरीत रुळत होतो त्या काळचा. दोन्ही फुकट, दोन्ही उघडे. आत काय आहे ते ज्याला पाहायचे त्याने पाहावे. मी पाहिले. काही कळले नाही, पण पाहू दिले याचे बरे वाटले.

माझ्या लॅपटॉपवरचा दुभाषा जुना होता आणि त्याला या चिपचे नावच माहीत नव्हते. २०२३ च्या जानेवारीत निघालेल्या आवृत्तीपासून त्याला ही ओळख आहे, हे कळेपर्यंत माझा एक रविवार गेला. नवा आणला, तर म्हणाला, उपकरण उघडण्याची परवानगी नाही. माझा लॅपटॉप, माझा बोर्ड, माझी केबल, आणि परवानगी नाही! लिनक्समध्ये अशा उपकरणांसाठी नियमांची एक फाइल योग्य जागी ठेवावी लागते. ती ठेवली, केबल काढून पुन्हा लावली, तेव्हा साहेब प्रसन्न झाले. मग म्हणाला, वैद्य सापडला, पण रोगी बोलत नाही. तारा पाहिल्या, सोल्डर पाहिला, रात्रीचे अकरा वाजले. सकाळी मुलीने येऊन ठोक्याची तार बोलण्याच्या जागी आणि बोलण्याची ठोक्याच्या जागी लावलेली दाखवली. पस्तीस वर्षे देखभाल खात्यात! मी चष्म्याला दोष दिला.

तारांची अदलाबदल केली, आणि पडद्यावर ओळी उमटल्या. चिपचे नाव आले, तिचे दोन्ही मेंदू आले, आणि चार थांबे आहेत असे कळले. म्हणजे प्रोग्राम चालता चालता अमुक ठिकाणी थांब, अशा चार जागा चिपला नेमून देता येतात. मी पहिला थांबा मोटर लावण्याच्या ओळीवर ठेवला. प्रोग्राम धावत आला आणि त्या ओळीच्या उंबऱ्यावर उभा राहिला. मी आत डोकावून पाण्याची पातळी विचारली, तर उत्तर आले, की ते चल 'आवरून टाकले' आहे. प्रोग्रामचे भाषांतर करणारा कंपायलर वेगासाठी असली आवराआवर करतो. आमच्या घरीही दर दिवाळीला माझे महत्त्वाचे कागद असेच आवरले जातात, आणि मागितले की तेच उत्तर मिळते. कंपायलरला मात्र आवरू नकोस म्हणून सांगता येते. मी सांगितले, आणि पातळी दिसली.

एवढे झाल्यावर दादांना फोन करून बजावले, "आता ते थिजलं की हात लावू नका. मोटर हाताने लावा, पण माझी पेटी आहे तशी राहू द्या. मी येतो." बंद करून चालू केले, की रोगाच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. चार दिवसांनी यंत्र रुसले. मी लॅपटॉप, वैद्य नि तारा पिशवीत घालून एस. टी. ने गाव गाठले. दादा अंगणातच उभे. म्हणाले, "तू यायचा म्हणून सकाळीच बंद करून चालू करून ठिवलंय. झ्याक चाललंय."

पाहुण्याला बिघडलेली वस्तू दाखवणे दादांच्या रीतीत बसत नाही. मी काय बोलणार?

म्हणजे आता ते पुन्हा रुसेपर्यंत बसणे आले. आठवडा रात्रीच्या पाळीचा होता. साडेअकराला आम्ही निघालो. पुढे दादा, मागे मी. उसाच्या कडेने ती वाट जेमतेम दोनशे पावलांची आहे, परंतु उसाचे पाते सळसळले की माझे पाऊल अडे, आणि दादा मागे न बघताच म्हणत, "वारा हाय." ही वाट हा माणूस वर्षानुवर्षे रात्रीतून दोनदा चालतो आहे, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि त्यांच्या पाठीमागून चालणे यांत फार अंतर आहे, ते त्या रात्री मोजले.

विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही आतून कडी लावून बसलो. लॅपटॉप मी मुद्दामच त्याच्या बॅटरीवर ठेवला होता. जिथे थ्री फेज आहे तिथे चार्जरची तार नको. बोर्डाला त्याची स्वतःची वीज असल्यामुळे वैद्याकडून विजेची तार दिली नाही. ठोका, बोलणे आणि जमीन, एवढ्या तीनच जोडल्या. पडदा उजळला तशा पाकोळ्या येऊन त्यावर आपटू लागल्या. मी दादांना सांगितले, की १९४७ च्या सप्टेंबरात अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू नावाच्या यंत्राच्या रिलेमध्ये अशीच एक पाकोळी सापडली, ती तिथल्या लोकांनी रोजवहीत चिकटवून ठेवली, आणि यंत्रातल्या दोषाला इंग्रजीत किडा म्हणतात त्याला पुरावाच मिळाला. तो शब्द आधीचा आहे, एडिसननेही १८७८ साली पत्रात वापरला आहे; पण वही अजून जपून ठेवली आहे म्हणतात. दादांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "आमच्याकडं पाल असती. स्टार्टरात पाल. आधी तुझी पेटी उघडून बघ." मी उघडून पाहिली. पाल नव्हती. दादांना जरासे वाईट वाटलेसे दिसले.

बारा वाजून गेल्यावर वीज आली. दोन मिनिटांनी रिले टिक्‌कन वाजला, स्टार्टर खट्‌कन बसला, मोटरने आवाज धरला, आणि निळ्या पडद्यावर उमटले, 'नमस्ते दादा'. सगळे व्यवस्थित. मी निराश होऊन म्हणालो, "आता हे कधी रुसेल देव जाणे."

दादा म्हणाले, "मोटर लागताना रुसतं ते. चालू असताना न्हाई. तो खटका बसतो ना, तवाच."

"तुम्हाला कसं कळलं?"

"फोनवर सांगितलं की तुला. दोनदा."

सांगितले होते. मी ऐकले नव्हते. मी त्यांच्याकडून तारीख नि वेळ तेवढी लिहून घेत होतो.

मग आम्ही थोड्या थोड्या वेळाने मोटर बंद करून पुन्हा यंत्राकडून लावू लागलो. दुसऱ्या खेपेला खटका बसताच दुभाष्याने मान टाकली; स्टार्टरच्या त्या ठिणगीसरशी वैद्यालाच फेफरे आले होते. मी तारा आखूड केल्या, जमिनीची तार बाकीच्या दोहोंभोवती पिळली, आणि बोलण्याचा वेग सेकंदाला पन्नास लाख ठोक्यांवरून दहा लाखांवर आणला. तिसरी खेप नीट. चौथी नीट. पाचव्या खेपेला मोटर लागली आणि पडदा कोराच राहिला.

"रुसलं," दादा म्हणाले.

मी चिपला थांबवले आणि कोणाच्या सांगण्यावरून कोण कुठे गेले, तो माग विचारला. चार ओळी आल्या. मुख्य प्रोग्रामने मोटर लावणाऱ्याला बोलावले होते, त्याने पडद्यावर लिहिणाऱ्याला, आणि त्याने पडद्याशी दोन तारांवरून बोलणाऱ्या तयार फंक्शनला. ते फंक्शन पडद्याच्या होकाराची वाट पाहत होते. खटक्याच्या गोंधळात पडदा अर्ध्या शब्दावर भांबावून तार धरून बसला होता, आणि फंक्शनला किती वेळ थांबायचे ते मी सांगितलेच नव्हते. वेळेची मर्यादा घालता येणारे फंक्शन त्याच्याच शेजारी होते. मी ते घेतले नव्हते, कारण त्यात एक आकडा जास्त लिहावा लागतो. मी चिपला पुढे चालवले, पुन्हा थांबवले. तीच ओळ. पुन्हा. तीच. टेबलावर हा बोर्ड आठवडाभर का चालला, तेही कळले: माझ्या टेबलावर स्टार्टर नव्हता.

"सापडलं?" दादांनी विचारले.

"सापडलं."

"काय व्हतं?"

मी क्षणभर गप्प बसलो. मग सांगितले, की तुमची मोटर, विहिरीचे पाणी, सगळे सोडून ते यंत्र तुम्हाला नमस्ते म्हणायला अडून बसत होते.

दादा असे हसले, की त्यांना खोकल्याची उबळ आली. बाहेर कुठेतरी कुत्री भुंकू लागली. मी त्यांना पाणी दिले. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "तुला लहानपणीपासनंच खोड हाय. काम करायच्या आधी पाटी रंगवत बसायचास." मग जरा वेळाने, लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "पर दिसतंय बेस, समदं आतलं."

बैलजोडीबद्दल त्या रात्री बोलावे असे माझ्या मनात होते. पहाटेपर्यंत आम्ही त्या खोलीत होतो. मोटर चालू होती, वेळ पुष्कळ होता. पण दादा पाटाच्या दुरुस्तीचे बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो. या खेपेला नीट ऐकले.

सकाळी मी पडदा काढून टाकला, प्रोग्राममध्ये जिथे जिथे वाट पाहायची आहे तिथे तिथे मर्यादा घातली, आणि त्याउपरही यंत्र अडले तर त्याला आपोआप जागे करणारा पहारेकरी, जो त्या चिपमध्ये आधीपासूनच असतो आणि मी कधी कामाला लावला नव्हता, तो लावला. पुढे तीन आठवडे एकदाही फोन आला नाही. मग आला.

"यंत्र झ्याक हाय," दादा म्हणाले. "पर ते नमस्ते कुठं गेलं? तुझ्या वहिनीला दाखवायचं ऱ्हायलं."

मी पुढच्या खेपेला जाऊन पडदा पुन्हा बसवला. आता तो दोन दशांश सेकंदांत बोलला नाही, तर त्याला सोडून यंत्र पुढे जाते. वहिनींनी तो दिवसाउजेडी पाहिला. जाताना मी त्यांना हळूच विचारले, दादा आता रात्री झोपतात ना?

"उठत्यात की," वहिनी म्हणाल्या. "बारा वाजले की उठत्यात, ओट्यावर जाऊन बसत्यात. तिकडून खट्ट ऐकू आलं, मोटर धरली, की येऊन आडवं व्हत्यात. चप्पल काय घालीत न्हाईत आता."